खाडीपलीकडचं पाणी

मी परदेशात गेलेलो नाही आणि आता जाणारही नाही. पण माणसाने परदेशी जावं की जाऊ नये यावर आमच्या घरात आठ दिवस युद्ध चाललं होतं. त्यात मी हरलो. कसा हरलो ते मीच सांगितलेलं बरं, नाहीतर आमची ही सगळ्यांना चुकीचं सांगत फिरेल.

आधी घर सांगतो. बोरिवली पश्चिमेला, खाडीपासून वीस मिनिटं चालत, दोन खोल्या. मी, बायको, मुलगा, सून आणि नात. मूळ आम्ही मालवणाकडचे. मी चौथी शिकलो, तीही रडतखडत. पण चौतीस वर्षं पाणी खात्यात चावीवाला होतो. हल्लीच्या लोकांना हे काम माहीत नसतं. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याच्या खाली व्हॉल्व्ह. माणसाच्या छातीएवढी उंच चावी त्यात घालायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. कुठल्या गल्लीला किती आटे हे कागदावर नसतं, दंडात असतं. मी चावी फिरवली की घराघरांत नळ खुळखुळायचे आणि बायका ओरडायच्या, "आलं, आलं!" मी बंद केली की बंद. साहेब येत राहिले, जात राहिले. नवा साहेब आला की मलाच विचारायचा, "काका, त्या टेकडीवरच्या चाळीला किती?" त्यामुळे मला थोडा गर्व आहे. थोडा कशाला, आहेच.

तर नात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या कॉलेजातून चार मुलं निवडली, वर्षभरासाठी एका बर्फाच्या देशात पाठवायला. तिथे हॉस्टेल नाही, कोणा अनोळखी माणसांच्या घरात राहायचं, त्यांच्यासारखं जेवायचं, त्यांच्यासारखं वागायचं आणि तिथल्या कॉलेजात शिकायचं. चारांत ही एक. घरात पेढे आले. मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "नाही."

माझ्या 'नाही'ला वजन आहे, कारण आमच्यात गाऱ्हाणं घालतात. घरातून कोणी मोठ्या कामाला निघालं की घरातला थोरला माणूस देवापुढे नारळ ठेवतो, हात जोडून मोठ्याने देवाला सांगतो की बाबा, हा चालला आहे, याला सांभाळ. मागे उभी असलेली माणसं दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. मुलगा नोकरीला लागला तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं. सून बाळंतपणाला गेली तेव्हा घातलं. गाऱ्हाण्याशिवाय आमच्या घरातून पाऊल बाहेर पडत नाही. आणि गाऱ्हाणं माझ्या तोंडात.

"आजोबा, घाला ना," नात म्हणाली.

"कशाला जायचं तिकडे?"

"तिथले लोक कसे राहतात ते बघायला. वेगळी संस्कृती असते."

"कसे राहतात? सकाळी उठतात, पाणी भरतात, भात शिजवतात."

"ते भात खात नाहीत."

"म्हणून तर सांगतोय, जाऊ नको."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमचा काय जाता हो? पोरीक जाऊंदे."

मी म्हटलं, चौतीस वर्षं गुजराती, तमिळ, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांच्या गल्लीत पाणी सोडलं. पाणी आलं नाही तर सगळे सारख्याच शिव्या देतात. माणूस इथून तिथून सारखा. ते बघायला विमानात बसायची गरज नाही.

आठव्या दिवशी नातीने डाव टाकला. शांतपणे विचारलं, "आजोबा, गोराई गावात गेलात कधी?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"पन्नास वर्षं संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसता. समोर खाडी, पलीकडे माड. लाँचने पंधरा मिनिटं. गेलात?"

"काय आहे तिकडे बघण्यासारखं?"

"मला काय माहीत? तुम्हीच बघून या. एकटे. परत येऊन म्हणालात, तोंडात बोट घालावं असं तिकडे काही नव्हतं, तर मी जायचा फॉर्म भरणार नाही. शप्पथ. आणि असलं, तर नारळ ठेवायचा. डील?"

"डील."

"खरं सांगाल?"

"मी कधी खोटं बोललोय?"

"नाही. म्हणून तर पैज लावतेय."

बायकोने बाहेर डोकावून नातीला सांगितलं, "अगो, ह्यांच्याबरोबर पैज लावू नको. घर जळत असला तरी हे म्हणतले, काय नाय, थोडो धूर आसा."

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस सोमवार होता. मी शनिवारी निघालो. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. निघतानाच ठरवलं होतं, आश्चर्य वाटून घ्यायचं नाही. लाँचवर स्कूटरी, माशांच्या टोपल्या, कॉलेजची पोरंपोरी. मी एका कडेला ताठ बसलो आणि मनातल्या मनात हिशेब ठेवत गेलो. माड? आमच्या गावचे याहून उंच. चिखलात रुतलेल्या होड्या? पाहिल्यात. पलीकडे उतरलो, रिक्षा केली, गावात शिरलो. गल्लीत क्रूस? बोरिवलीत पण आहेत. उतरत्या कौलांची घरं, पुढे ओटी? आमच्या गावी तशीच. एका वळणावर व्हॉल्व्हचं झाकण दिसलं, ते पायाने ठोकून पाहिलं. आपलंच. म्हटलं, जिंकलो. आता चहा प्यायचा आणि परतायचं.

तेवढ्यात बँड वाजला.

गल्लीतून बायकांचा घोळका येत होता. म्हाताऱ्या पुढे, चौकड्यांची लाल लुगडी नेसलेल्या, गळ्यात क्रूस, केसांत फुलं. मागे तरण्या पोरी नाचत होत्या. ट्रम्पेट, ढोल. आणि सगळ्याजणी गात होत्या. मराठीत. मी कान टवकारले. शब्द थोडे वाकडे, पण मराठी. नवरीची आई, मांडव, हळद, सगळं त्यात होतं. मी भिंतीला टेकलो. ख्रिस्ती माणसं मी गिऱ्हाईक म्हणून पाहिली होती. त्यांच्या चर्चच्या गल्लीला सव्वातीन आटे, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. ती लुगडं नेसून, हळदीचं गाणं म्हणत रस्त्याने येतात हे पन्नास वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

घोळका एका विहिरीपाशी थांबला. जुनी, दगडी कठड्याची विहीर, शेजारी चुना लावलेला पांढरा क्रूस. सगळ्यांत पुढे माझ्याच वयाची एक म्हातारी, हातात फुलं बांधलेली तांब्याची कळशी. बँडवाले दम खायला थांबले. म्हातारीने दोर हातात घेतला, विहिरीत वाकून पाहिलं. दोर पुन्हा ठेवला. पोरी फोटो काढण्यात गुंतलेल्या. ती कळशी घेऊन उभी राहिली.

आता बघा, पाण्यासाठी कोणी ताटकळत उभं असलेलं मला बघवत नाही. चौतीस वर्षांची सवय. आणि तिथून दहा पावलांवर, एका घराच्या भिंतीला चांगला पितळी नळ होता. मी पुढे झालो, म्हटलं, "द्या बाय इकडे," आणि तिच्या हातातून कळशी घेतली. तिला काही कळायच्या आत मी नळापाशी पोचलो. धार चांगली होती. कळशी काठोकाठ भरली. बूड माझ्या रुमालाने पुसलं. फुलं भिजू दिली नाहीत. परत आणून तिच्यापुढे धरली.

"घ्या. एकदम स्वच्छ. औषध घातलेलं आहे. विहिरीचं पिऊ नका, पोट बिघडेल."

ट्रम्पेटवाल्याने तोंडाशी नेलेलं ट्रम्पेट खाली घेतलं. एका पोरीने तोंडावर हात ठेवला. मग मागून एक बाई किंचाळली, "अगो बाय! यानी नलाचा पानी भरला!"

एक उंच माणूस पुढे आला, नवरीचा मामा असावा. "ओ काका, कोनी सांगला तुमाला मधी पराला?"

माझी मान खाली गेली नाही. ती जातच नाही, तो माझा दोष आहे. मी म्हटलं, "मी पाणी खात्यातला माणूस आहे. या पाण्यात काय वाईट आहे?"

म्हातारीने मामाला हाताने मागे सारलं. माझ्याकडे नीट पाहिलं. रागावली नव्हती. मला वाटतं, तिला माझी मजा वाटत होती.

"कनचा रं तू?"

"बोरिवलीचा. चावीवाला होतो."

"म्हंजे पानी सोरतंस?"

"चौतीस वर्षं सोडलं."

"साहेबाला विचारून?"

"हो. साहेब सांगेल तसं."

"आन पान्याला कोन विचारी?"

मी कळशी या हातातून त्या हातात घेतली.

ती म्हणाली, "उद्या माजे नातीचा लगीन हाय. पोरगी नवऱ्याचे घरी चालली. उद्या ती या पान्यान न्हाल. तिची आय न्हायली, मी न्हायली, माजी आय न्हायली. पयले विहिरीला सांगाचा, पोरगी चालली, पानी दे. तिनी दिला मंगच न्यावाचा. याला उंबराचा पानी म्हनतात." मग नळाकडे हनुवटी उडवून म्हणाली, "नल काय, नल कोनालाबी देते."

मी चौतीस वर्षं ज्या गोष्टीचा गर्व केला ती हीच की कोणालाही दिलं. ती चुकीची गोष्ट नव्हे, ते मी आजही म्हणेन. पण त्या विहिरीपाशी उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं, की पाण्याला सांगून पाणी घेणं हे काहीतरी मोठं आहे आणि ते मी पाहिलेलंच नाही.

तिने माझ्या हातातली कळशी घेतली. पाणी फेकलं नाही. माडाच्या मुळाशी गेली आणि हळूहळू ओतलं. मग रिकामी कळशी परत माझ्याच हातात दिली. "चुकी तू केली. आता काढ."

कठड्यावर तिने विड्याचं पान ठेवलं, वर सुपारी. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. आणि वाकून विहिरीशी बोलायला लागली. मोठ्याने नाही, पण मी शेजारीच उभा होतो. बाय, पोरगी चालली. लांब चालली. सासरी सुखान राहू दे. आज एका म्हाताऱ्याची चुकी झाली, त्याच्यावर राग धरू नको. आणि मागच्या सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या, "आमेन."

ते गाऱ्हाणं होतं. तोच आवाज, तीच खाली घेतलेली मान, तोच मागचा होकार. देव दुसरा, गाव दुसरं, आणि मी घरात नारळापुढे जे करतो तेच ही बाई क्रूस करून विहिरीपुढे करत होती. माणूस इथून तिथून सारखा, असं मी आठ दिवस घरात ओरडत होतो. ते खरं निघालं. पण सारखा आहे हे नुसतं म्हणणं वेगळं आणि असं समोर दिसणं वेगळं. आणि जे सारखं नव्हतं, ती विहीर, ते लुगडं, ते ट्रम्पेट, ते तर मला घरात बसून कधीच सुचलं नसतं.

मी दोर सोडला. बादली खाली गेली, फार खाली, आणि पाण्याला लागल्याचा आवाज आला. तो आवाज मी लहानपणी गाव सोडल्यावर ऐकला नव्हता. दंडाला ओढणं आठवलं. कळशी भरून वर ठेवली आणि बँड सुरू झाला. बायका पाण्याभोवती नाचायला लागल्या. माझ्या वयाची ती म्हातारी कळशी डोक्यावर घेऊन एका हाताने तोल सांभाळत नाचली. एक थेंब सांडला नाही. मी लाखो लिटर पाणी सोडलं असेल. लोक बादल्या घेऊन भांडायला आले, पण नाचत कोणी आलं नव्हतं. पाण्याचं असं स्वागत होऊ शकतं, हे मला शहात्तराव्या वर्षी, घरापासून तासाभराच्या वाटेवर कळलं.

त्यांनी मला मांडवात नेऊन बसवलं. तो मामासुद्धा हसत होता, "पानीवाले काका, बसा." मैद्याचे गोल तळलेले फुगे दिले, दाबले की हवा जाते आणि आत मऊ लुसलुशीत. निघताना म्हातारीने चार फुगे कागदात बांधले.

"नात हाय म्हनलास ना? तिला दे. लांब कय गेली नाय ना ती?"

"नाही," मी म्हटलं. "घरीच आहे. घरीच राहणार."

परतीच्या लाँचवर बसलो आणि तेव्हा मला समजलं की मी पैज हरलो आहे. आता घरी जाऊन खरं सांगायचं आणि नारळ ठेवायचा. आणि मग ती जाईल. वर्षभर. शहात्तर वय आहे माझं. छातीत दोनदा दुखलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही, आता लिहितोय. ती परत येईल तेव्हा मी धक्क्यावर बसलेला असेन की नसेन? माणूस इथून तिथून सारखा वगैरे सगळं बोलणं होतं. खरं कारण एवढंच होतं.

चारही फुगे मी लाँचवरच खाऊन टाकले. कागद पाण्यात टाकला नाही, खिशात ठेवला. पुरावा नको होता, पण खाडीत कचरा टाकायची सवय मला नाही.

दारातच नात उभी. "काय बघितलंत?"

"काय नाय. माड, होड्या, माणसं. एक विहीर आहे."

"तोंडात बोट?"

"नाही."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं. ती फक्त "ठीक आहे" म्हणाली, आत गेली आणि फॉर्म कपाटात ठेवला. माझा शब्द तिच्यासाठी पुरेसा होता.

"शर्टाक तेल खयसून लागला?" बायकोने विचारलं. मी सदरा काढून बादलीत टाकला.

रविवारी नातीने भिंतीवरचं त्या बर्फाच्या गावाचं चित्र काढून ठेवलं. मला चहा दिला. माझ्याशी नीट बोलली, नेहमीसारखी. मी दोनदा त्या कपाटापर्यंत जाऊन परत आलो.

सोमवारी सकाळी सहाला पाणी आलं. आमच्याकडे सकाळचं पाणी नात भरते. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होतो. नळ खुळखुळला. तिने कळशी लावली, धार पडायला लागली. आणि मी ओरडलो, "थांब! विचारलंस?"

तिने दचकून नळ बंद केला. "कोणाला?"

"पाण्याला."

ती कळशी तशीच ठेवून माझ्यापाशी आली. पदरासारखा टॉवेल खांद्यावर, हात ओले. "आजोबा, तिकडे काय झालं?"

मग मी सांगितलं. बँड, लुगडी, नळाचं पाणी, मामा, म्हातारी, आमेन. सांगता सांगता उठून बसलो. म्हातारी कशी नाचली ते दाखवायला उभा राहिलो. मुलगा तोंडात ब्रश धरून दारात उभा. सून गॅस बंद करून आलेली. बायको भिंतीला टेकून बघत होती, तसं तिने मला कधी बघितलं नव्हतं की काय कोण जाणे. शेवटी म्हटलं, "खोटं बोललो मी. तोंडात बोट काय, अख्खा हात गेला होता."

नात नाचली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तिने माझ्यासाठी फुगे दिले होते?"

"चार."

"आणि चारही?"

"चारही."

"आजोबा!" खोटं बोलल्यापेक्षा याचाच तिला जास्त राग आला. मग ती रडली, आणि मीही थोडा. बायको म्हणाली, "बरा झाला. माका वाटला, हाटेलात जाऊन भजी खाल्ल्यानी."

मी काही शिकलेला माणूस नाही. पण कोणी मला विचारलं तर आता सांगेन, जावं. नुसतं बघायला जाऊन काही मिळत नाही. मी लाँचवरून उतरल्यावर तासभर बघत होतो आणि मला काही दिसलं नाही. चूक केली तेव्हा दिसलं. दुसऱ्याच्या घरी जाऊन चूक करावी आणि त्यांनी कळशी परत हातात देईपर्यंत तिथून हलू नये. मग ते बर्फाच्या देशात असो नाहीतर खाडीपलीकडे.

बायकोने नारळ आणला. मी अंघोळ करून देवापुढे उभा राहिलो. सगळे मागे. नात माझ्या उजव्या हाताला, फॉर्म तिच्या हातात.

"बा देवा म्हाराजा, ही माझी नात परमुलखाक चाललीहा."

"होय म्हाराजा."

"थंयची माणसा कशी, त्यांचो देव कसो, माका ठावक नाय."

"होय म्हाराजा."

"तिच्या हातून चूक होतली. होऊंदे. त्यांका सांगून तिका सांभाळून घे. कोणाच्याय घरचा पाणी घेवच्या आधी विचारूची बुद्धी तिका दी."

"होय म्हाराजा."

इथे माझं गाऱ्हाणं संपतं. नेहमी संपतं. पण मी हात खाली घेतले नाहीत. पुढे म्हटलं, "आणि ती परत येयपर्यंत ह्या म्हाताऱ्याक धक्क्यावर बसतो ठेव."

मग बायको म्हणाली, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, "होय म्हाराजा!"

नात हळूच म्हणाली, "आमेन." सुनेने तिला चिमटा काढला. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि म्हटलं, "जा, कळशी अर्धीच राहिलीय. पाणी जाईल."